लेझरवर नक्षीच्या टाइल्स: ठिपक्यांपासून भिंतीपर्यंत

माझी पहिली ऑर्डर घरचीच होती. आत्याकडे महालक्ष्म्या बसतात. त्यांच्यामागे दरवर्षी साडी ताणून पडदा करायचे, त्याऐवजी यंदा लेझरने कापलेल्या टाइल्सचा पट लावू, असं मीच उत्साहात बोलून बसलो. सहा आडव्या, सहा उभ्या, अशा छत्तीस टाइल्स. एकेक हातात घेतली की सुरेख दिसायची. सगळ्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि आत्या म्हणाली, "काहून रे बाप्पा, हे पाकयी तं तिकडच्या पाकयीले भेटूनच नाही राह्यली."

खरंच भेटत नव्हती. कुठे एक मिलिमीटर वर, कुठे दीड खाली. चार टाइल्स जिथे मिळतात तिथे पूर्ण फूल उमलायला हवं होतं, तिथे चार अनोळखी पाकळ्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. त्यातल्या दोनांची टोकं चिकटवतानाच तुटली. मधल्या कमळावर मी तीन दिवस घालवले होते आणि कडांवर दहा मिनिटं. तेव्हापासून टाइलचं काम मी कडेपासून सुरू करतो. हा लेखही त्याच अंगाने जाईल.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. टिनाच्या शेडमध्ये ६० वॉटचं लेझर मशीन आहे, बेड ९०० बाय ६०० मिलिमीटरचा. तुमच्याकडे मशीन नसलं तरी अडत नाही. डिझाइन घरच्या संगणकावर करून फाइल अमरावती, अकोला, नागपूरच्या जॉबवर्कवाल्याकडे देता येते. फक्त मग फाइल बिनचूक हवी, कारण तिथे तुमची पाकळी भेटते की नाही हे बघायला कोणी बसलेलं नसतं.

मशीन आणि माल

गावाकडे दोन जातींची लेझर मशीनं दिसतात. एक काचेच्या नळीची, कार्बन डायऑक्साइडची. दुसरी छोटी, उघड्या सांगाड्याची, निळ्या उजेडाची डायोडवाली. नळीच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. ती लाकूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली शीट), ॲक्रिलिक सगळं कापते. डायोडची बहुधा ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते. तिच्याने पातळ प्लाय कापला जातो, पण पारदर्शक ॲक्रिलिक नाही, कारण निळा उजेड त्यातून आरपार निघून जातो. दोन्हींचे चष्मे वेगळे असतात. एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही.

नेहमी येणारा प्रश्न: भिंतीची सिरॅमिक टाइल यावर कापता येते का? नाही. वरची चकाकी फार तर कोरली जाते. डायोडवाले एक युक्ती करतात. पांढऱ्या टाइलवर टायटॅनियम डायऑक्साइड असलेला पांढरा रंग पातळ मारायचा, वाळल्यावर लेझर फिरवायचा आणि रंग धुऊन काढायचा. लेझर जिथे गेला तिथे काळी रेघ पक्की बसते. काम छान होतं, पण या लेखातल्या टाइल्स लाकडाच्या कुळातल्या आहेत.

शिकायला ३ मिलिमीटरचा एमडीएफ घ्या. स्वस्त, सपाट, सगळीकडून सारखा. कोरलेला भाग मात्र फिका चॉकलेटी दिसतो, फारसा उठून येत नाही. प्लायवर नक्षी जास्त खुलते, पण साध्या कमर्शियल प्लायच्या पोटात पोकळी असते, गाठ असते, कुठे गोंद जास्त झालेला असतो. त्या जागी लेझर कापायचा राहतो आणि जाळीतला एक तुकडा मागून अडकून बसतो. लेझरसाठी प्लाय घ्यायचा तर दुकानात शीट उजेडासमोर आडवी धरून कडा बघा, भोकं दिसतात. सुताराकडे सागाच्या पातळ पट्ट्या उरलेल्या असतील तर उचला. सागावर कोरलेली रेघ गडद येते. ॲक्रिलिकमध्ये 'कास्ट' मागा. त्यावर कोरलं की पांढरंशुभ्र दुधी उमटतं. 'एक्स्ट्रुडेड'वर तशी मजा नाही.

आता एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगतो. फ्लेक्सच्या दुकानात जो पांढरा सनबोर्ड मिळतो, तो लेझरखाली घालायचा नाही. तो पीव्हीसीचा फोम असतो. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसं जाळतो आणि मशीनच्या रॉडवर गंज चढवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "हलका आहे, स्वस्त आहे, यावरच कापून द्या." नाही म्हणा. रेक्झिनचंही तेच. प्लास्टिक नेमकं कशाचं आहे हे कळत नसेल तर घराबाहेर जाऊन तांब्याची तार लाल होईस्तोवर तापवा, त्या प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की आत क्लोरीन आहे, तो तुकडा परत करा.

माप शीट ठरवते

टाइल किती मोठी? बहुतेक जण १०० मिलिमीटर म्हणतात, कारण आकडा गोल आहे. मीही तेच केलं होतं. हिशेब करून पाहा. आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. मोटरसायकलवर आणायची म्हणून दुकानदाराकडून तिचे बारा तुकडे करून घेतो, दोन फूट बाय सोळा इंच. करवतीत गेलेलं सोडून एक तुकडा साधारण ६०५ बाय ४०३ उरतो. टाइल्समध्ये ३ मिलिमीटर जागा सोडून शंभराच्या टाइल्स बसवा. आडव्या सहा बसत नाहीत, पाच बसतात. उभ्या चार बसत नाहीत, तीन बसतात. एका तुकड्यातून पंधरा.

टाइल ९६ मिलिमीटरची करा. सहा टाइल्सचे ५७६ आणि मधल्या पाच फटींचे १५ मिळून ५९१, बसल्या. चार टाइल्सचे ३८४ आणि ९ मिळून ३९३, त्याही बसल्या. एका तुकड्यातून चोवीस. छत्तीस टाइल्सना आधी तीन तुकडे लागायचे, आता दोन पुरतात.

९६ ची दुसरी गंमत अशी की तो दोनाने, तिनाने, चाराने, सहाने, आठाने आणि बाराने भागला जातो. १२ मिलिमीटरवर एक ठिपका टाकला तर बरोब्बर नऊ बाय नऊ ठिपक्यांची रांगोळी मिळते. डिझाइन तिथूनच सुरू होतं.

ठिपके, आणि कडेचा नियम

कागदावर नऊ बाय नऊ ठिपके काढा. संगणकावर नको, आधी कागदावरच. आईने, आजीने ठिपके जोडून काढलेली कुठलीही रांगोळी आठवा. चातुर्मासातलं गोपद्म, कासव, साधी आठ पाकळ्यांची चांदणी. रांगोळीत बाहेरच्या ठिपक्यांवर आकृती संपते. टाइलमध्ये तिथे ती शेजारणीच्या अंगणात पाऊल टाकते. फरक एवढाच आहे, पण सगळं कौशल्य त्यातच आहे.

माझा नियम असा. टाइलच्या चारही बाजूंवर रेषा ठरलेल्या ठिकाणीच बाहेर पडू द्यायच्या, आणि कडेला काटकोनात भेटवायच्या. ठिकाणं दोनच प्रकारची ठेवा. एक, बाजूचा मध्य, म्हणजे कोपऱ्यापासून ४८ मिलिमीटर. दोन, मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावरची जोडी, उदाहरणार्थ २४ आणि ७२. चारही बाजूंवर हीच ठिकाणं ठेवली की टाइल कशीही फिरवा, उलटीसुलटी लावा, रेषा शेजारणीच्या रेषेला भेटतेच. एका बाजूला ३० वर आणि दुसऱ्या बाजूला ४० वर रेषा काढली की मग ती टाइल एकाच दिशेने लावावी लागते. चिकटवणारा माणूस ती दिशा विसरणार, हे लिहून ठेवा.

काटकोन का? रेषा कडेला तिरपी भेटली तर पलीकडे तिचं प्रतिबिंब उलट्या दिशेने तिरपं जातं आणि जोडावर कोपरा पडतो. वळणाची वेल हवी असेल तर तो कोपरा डोळ्यात खुपतो. चांदणीसारखी टोकदार आकृती असेल तर मुद्दाम तिरपं न्यायलाही हरकत नाही, पण ते समजून-उमजून.

कोपऱ्यांकडे वेगळं लक्ष द्या. चार टाइल्सचे चार कोपरे मिळून एक नवी आकृती होते, आणि लांबून बघणाऱ्याला बऱ्याचदा तीच आधी दिसते. कागदावर एक टाइल झाली की तिच्या चार झेरॉक्स काढा, कापा आणि जोडून बघा. पाच रुपयांत कळतं. माझं कमळ असं बघितलं असतं तर महालक्ष्म्यांपुढे लाज गेली नसती.

नक्षी कुठून घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याकडे वानवा नाही. दर्यापुरजवळच्या लासूरचं हेमाडपंती मंदिर आहे, लोणारचं दैत्यसूदन मंदिर आहे, त्याचा तळच चांदणीसारखा कोनाकोनांचा आहे. गडचिरोलीत वैनगंगेकाठी मार्कंडा आहे. बाळापूरची छत्री आहे. फोटो काढताना नक्षीच्या अगदी समोर, समपातळीत उभं राहा. खालून तिरपा काढलेला फोटो ट्रेस केला की चौकोनाचा पतंग होतो. गोंड चित्रांतले ठिपके आणि रेघा टाइलवर फार सुंदर दिसतात. पण ती एखाद्या चित्रकाराच्या हातची असतील तर त्याला विचारून, त्याचा वाटा देऊन वापरा.

आठवा हिस्सा काढा

पूर्ण टाइल हाताने काढायची गरज नसते. चौकोनाच्या मध्यापासून बाजूच्या मध्यापर्यंत एक रेघ, मध्यापासून कोपऱ्यापर्यंत दुसरी रेघ, आणि त्यांच्यामधली अर्धी बाजू. हा काटकोन त्रिकोण टाइलचा आठवा हिस्सा आहे. दोन बाजू ४८ मिलिमीटरच्या. एवढ्यातच नक्षी काढा. मग त्याची कॉपी आरशासारखी उलटवा, पाव टाइल झाली. ती पाव टाइल मध्याभोवती ९० अंशांनी तीनदा फिरवा. टाइल पूर्ण, आणि चारही कडा आपोआप एकसारख्या. कडेचा नियम सांभाळायची ही सगळ्यात सोपी वाट आहे.

आरसा न वापरता पाव टाइल नुसतीच फिरवली तर नक्षी भिरभिरल्यासारखी दिसते, स्वस्तिकासारखी. तीही छान. गणितज्ञांनी सिद्ध करून ठेवलं आहे की सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने एकूण १७ च प्रकार होतात. फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये ते मांडले. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सतराही प्रकार आयते आहेत. एडिट मेनूत क्लोन, म्हणजे मूळ आकृतीला बांधलेली नक्कल, त्यात 'क्रिएट टाइल्ड क्लोन्स'. एका संध्याकाळी नुसतं खेळत बसा. मला पहिल्यांदा सापडलं तेव्हा जेवायला तीन हाका माराव्या लागल्या होत्या.

आणि एक प्रकार माझ्या विशेष आवडीचा. फ्रान्समधल्या सेबास्तियन त्रुशे यांनी १७०४ मध्ये एका साध्या टाइलबद्दल लिहिलं. चौकोन कर्णावर अर्धा काळा, अर्धा पांढरा. अशी टाइल चार तऱ्हांनी ठेवता येते, म्हणून चारच टाइल्स दोन बाय दोन मांडायच्या तर २५६ मांडण्या होतात. पुढे १९८७ मध्ये सिरिल स्टॅनली स्मिथ यांनी कर्णाच्या जागी कमानी आणल्या. समोरासमोरचे दोन कोपरे घ्यायचे आणि प्रत्येक कोपरा केंद्र धरून पाव वर्तुळ काढायचं. आपल्या टाइलमध्ये त्रिज्या ४८. कमानी चारही बाजूंच्या मध्यावर काटकोनात बाहेर पडतात, म्हणजे कडेचा नियम जन्मतःच पाळतात. छत्तीस टाइल्स डोळे मिटून लावल्या तरी सापासारखी वळणं तयार होतात. पहिलाच प्रयत्न असेल तर हीच टाइल करा. चुकायला जागाच नाही.

कापायचं काय, कोरायचं काय

लेझर तीन गोष्टी करतो. आरपार कापतो. नुसती रेघ मारतो, म्हणजे कमी पॉवरने वरवर जाळत रेषेवरून एकदा फिरतो. आणि भरून कोरतो, म्हणजे प्रिंटरसारखा डावीकडून उजवीकडे, पुन्हा उलटा, अशा चिकटून रेघा ओढत आकृती काळी करतो.

भरून कोरण्याचा मोह सगळ्यांना होतो. वेळ मोजा. रेघांमधलं अंतर ०.१ मिलिमीटर धरलं तर ९६ मिलिमीटरच्या टाइलवर ९६० रेघा. सेकंदाला ३०० मिलिमीटर वेगाने एक रेघ जायला ०.३२ सेकंद, वळायला आणखी थोडा, मिळून अर्धा सेकंद धरा. टाइलमागे आठ मिनिटं. छत्तीस टाइल्सना पावणेपाच तासांच्या वर. तीच नक्षी रेघेने मारली तर टाइलमागे मिनिट-दीड मिनिटात उरकते. म्हणून मी मोठा भाग रेघेने करतो आणि भरून कोरायला फक्त छोटी जागा ठेवतो, मधला ठिपका, पाकळीचं पोट, एवढंच. जॉबवर्कवाला मिनिटावर पैसे घेत असेल तर हा फरक थेट खिशाला लागतो.

जाळी कापताना दोन गोष्टी. पहिली, आरपार कापलेल्या जागेच्या आत जे काही आहे ते खाली पडणार. वर्तुळात वर्तुळ काढलं की आतलं वर्तुळ गेलंच. त्याला धरून ठेवायला पूल हवेत. दुसरी, उरलेल्या काड्या किती बारीक ठेवायच्या. मालाच्या जाडीपेक्षा बारीक काडी ठेवू नका. ३ मिलिमीटरच्या एमडीएफला ३ मिलिमीटर. कधी अडीचवर निभतं, पण प्लायमध्ये काडी वरच्या थराच्या रेषांना आडवी आली की मोडते. ॲक्रिलिकमध्ये आतले कोपरे टोकदार ठेवू नका, अर्धा-एक मिलिमीटरची गोलाई द्या. तडा नेहमी टोकातूनच सुरू होतो.

आणि आत्याची तुटलेली पाकळी? मी कडेवर आरपार कापलं होतं. अर्धी पाकळी या टाइलवर, अर्धी त्या टाइलवर, मध्ये उघडी सुईसारखी टोकं. आता आरपार कापलेली कुठलीही जागा मी कडेपासून किमान ४ मिलिमीटर आत ठेवतो. कडेवरून शेजारी जायचं काम फक्त मारलेल्या रेघा करतात.

फाइल

इंकस्केप मोफत आहे. तालुक्याला फ्लेक्सवाल्यांकडे कोरलड्रॉ असतो. मशीन चालवायला लाइटबर्न किंवा आरडीवर्क्स. काढायचं कशातही काढा, पण पुढच्या चुका टाळा. मी प्रत्येक केलेली आहे.

लेझर रेषेची जाडी बघत नाही, मधोमध चालतो. तुम्ही पडद्यावर ३ मिलिमीटर जाड वेल काढली आणि फाइल दिली की मशीन एकच केसाएवढी चीर मारेल. जाडी खरी हवी असेल तर इंकस्केपमध्ये 'स्ट्रोक टू पाथ' करा आणि एकमेकांवर आलेले आकार 'युनियन'ने एक करा.

माप बदलतं. इलस्ट्रेटरमध्ये इंचाला ७२ बिंदू, इंकस्केपमध्ये ९६. तिथून आलेली एसव्हीजी फाइल इथे उघडली की कधीकधी तीन-चतुर्थांश होते आणि ९६ ची टाइल ७२ ची होऊन बसते. इंकस्केपच्या ०.९२ आधीच्या आवृत्तीत हा आकडा ९० होता, म्हणजे जुन्या फाइल्समध्ये आणखी एक घोळ. मशीनवर उघडल्यावर सगळ्यात आधी एका टाइलची रुंदी वाचा. जॉबवर्कला फाइल देताना शेजारी ५० मिलिमीटरची एक सरळ रेघ काढून "ही ५० भरली पाहिजे" असं लिहून द्या.

इंकस्केपमध्ये क्लोन मांडताना प्रोग्राम रेषेची जाडीसुद्धा टाइलच्या मापात धरतो. रेषा ०.१ मिलिमीटरची असेल तर दर टाइलमागे तेवढी सरक. प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या भागात 'जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स' निवडा. शेवटी क्लोन 'अनलिंक' करा.

एकावर एक दोन रेषा असल्या तर मशीन दोनदा कापतं आणि कड कोळसा होते. लाइटबर्नमध्ये 'डिलीट डुप्लिकेट्स' आहे, ते फिरवा.

रंग वाटून द्या. मी काळा भरून कोरायला, निळा रेघेला, हिरवा आतल्या कापाला आणि लाल बाहेरच्या कडेला ठेवतो. क्रमही तोच. बाहेरची कड नेहमी शेवटी, कारण ती कापली की टाइल किंचित हलते किंवा खाली बसते आणि त्यानंतर मारलेली रेघ वाकडी जाते.

जळून जाणारा केस

आता पट का जमला नाही त्याचं दुसरं कारण. लेझर रेषेवर चालतो तेव्हा थोडा माल जाळून टाकतो. याला कर्फ म्हणतात. ३ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये बहुधा ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. लेन्स, फोकस, वेग, माल, सगळ्यावर बदलतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

मोजायला सोपं आहे. १०० मिलिमीटर लांब पट्टी काढा, ती दहा-दहाच्या दहा चौकोनांत कापा. दहाही तुकडे एकमेकांना चिकटवून व्हर्नियर कॅलिपरने मोजा. माझे ९८.२ भरले. १०० मधून गेले १.८, दहाने भागले, कर्फ ०.१८. म्हणजे ९६ ची काढलेली टाइल खरं तर ९५.८२ ची निघते. सहा टाइल्समागे एक मिलिमीटरच्या वर तूट, आणि ती कुठे जमा होईल याचा नेम नाही.

उपाय: बाहेरची कड निम्म्या कर्फने बाहेर सरकवा, चारही बाजूंना ०.०९. लाइटबर्नमध्ये कटच्या सेटिंगमध्येच कर्फ ऑफसेट असतो, बंद आकृत्यांना तो आपोआप लागू होतो. पण फाइलमध्येही सरकवायचं आणि मशीनवरही, असं दोन्ही करू नका. मग टाइल फुगते.

कडेपर्यंत जाणाऱ्या रेघा कडेवर थांबवू नका, अर्धा मिलिमीटर बाहेर काढा. छापखान्यातले लोक याला ब्लीड म्हणतात. जास्तीची रेघ कचऱ्यावर जळते आणि टाइलवरची रेघ थेट कडेपर्यंत भरते. या एका अर्ध्या मिलिमीटरने माझे जोड निम्मे सुधारले.

आणखी एक बारीक गोष्ट. लेझरने कापलेली कड पूर्ण उभी नसते, वरून खाली किंचित तिरपी असते. म्हणून सगळ्या टाइल्स एकाच अंगाने वर ठेवून जोडा. एखादी उलटी झाली की तिथेच फट दिसते.

चाचणी, मग काम

पॉवर-वेगाचे तक्ते मागणारे खूप भेटतात. माझ्या ६० वॉटच्या मशीनवर ३ मिलिमीटर एमडीएफ सेकंदाला १५ ते २० मिलिमीटर वेगाने साठ-पासष्ट टक्क्यांवर कापला जातो. रेघ १०० च्या वेगाने बारा-पंधरा टक्क्यांवर, आणि भरून कोरणं ३०० वर पंधरा-वीस टक्क्यांवर. हे नुसतं सुरुवातीचं टोक आहे. नळी जुनी झाली, आरसा मळला, शीट दुसऱ्या कंपनीची आली की आकडे हलतात. प्रत्येक नव्या मालाच्या कोपऱ्यात वेग आणि पॉवर बदलत छोट्या चौकोनांची एक जाळी मारून बघा आणि तो तुकडा फेकू नका, त्यावर तारीख टाकून भिंतीला टांगा.

शीट बेडवर सपाट हवी. पावसाळ्यात एमडीएफ दमटपणा ओढतो आणि पापडासारखा वाकतो. मध्ये दोन मिलिमीटरचा फुगवटा आला तरी फोकस जातो आणि मधल्या टाइल्स कापायच्या राहतात. चुंबकांनी दाबा. माल जमिनीवर ठेवू नका, भिंतीला तिरपा टेकवू नका, फळीवर आडवा ठेवा. वरून कागदी मास्किंग टेप लावला तर धुराचे पिवळे डाग टेपवर पडतात, टाइलवर नाही.

एक टाइल आधी कापा. मग चार. चार जोडून बघा. त्यानंतरच छत्तीस.

मशीन चालू असताना चहाला जाऊ नका. एमडीएफ आणि ॲक्रिलिक पेट घेतात, विशेषतः कापावर सोडायचा हवेचा झोत बंद असेल तर. जवळ कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा. एमडीएफच्या धुरात गोंदातलं फॉर्मल्डिहाइड असतं, तेव्हा एक्झॉस्ट शेडच्या बाहेर, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड न करता.

लाईन, ऊन आणि खारं पाणी

पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ बघून शिकलेल्याला या तीन गोष्टी कोणी सांगत नाही.

लाईन जाते. कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून अख्खी शीट आधी कोरून मग अख्खी कापायची, असं करू नका. प्रत्येक टाइल वेगळा ग्रुप करा आणि लाइटबर्नमध्ये 'ऑर्डर बाय ग्रुप' आधी ठेवा. एक टाइल कोरून, कापून संपली की दुसरी. लाईन गेली तर एकच टाइल वाया जाते.

ऊन. लेझरची काचेची नळी गार ठेवायला जे पाणी फिरतं ते १५ ते २५ अंशांत असावं. तीसच्या वर गेलं की लेझर मंदावतो आणि नळीचं आयुष्य घटतं. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, टिनाच्या शेडची गोष्टच सोडा. मशीनसोबत बऱ्याचदा सीडब्ल्यू-३००० नावाचा डबा देतात. त्यात फक्त पंखा आहे. तो पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही, म्हणजे वैशाखात तो शोभेचा. कॉम्प्रेसरवाला सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० घ्या. तो येईपर्यंत मी टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडायचो आणि पहाटे पाच ते नऊ कामं उरकायचो. पावसाळ्यात उलटं. पाणी फार गार ठेवलं की नळीवर दव धरतं आणि उच्च दाबाची वीज त्यातून वाट काढते. तेव्हा चोवीस-पंचवीसवर ठेवा.

पाणी. आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. पहिल्या वर्षी टाकीत मी बोअरचं पाणी भरलं, कारण पाणी म्हणजे पाणी. काही आठवड्यांत कापणं मंदावलं, नळीच्या आत पांढरा थर दिसू लागला. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, आणि नळीला हजारो व्होल्टचा पुरवठा असतो. ती नळी गेली. डिस्टिल्ड पाणीच वापरा. बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं.

अर्थिंगही याच हजारो व्होल्टमुळे वेगळं घ्या. घराच्या जुन्या वायरिंगवर विसंबू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संबंध सुटतो. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता.

जोडणी

टाइल्स पॉलिश करायच्या तर दोन्ही बाजूंना करा. एकाच बाजूला केलं तर दुसरी बाजू ओल पिते आणि टाइल वाकते. महालक्ष्म्या भाद्रपदात येतात, हवेत तेव्हा ओल असतेच. कडांना बारीक सँडपेपर फक्त काजळी जाईपर्यंत फिरवा. जास्त घासलं की कर्फचा सगळा हिशेब पाण्यात.

मागे ६ मिलिमीटरचा प्लाय घ्या. त्यावर मधोमध उभी-आडवी रेघ आखा, सुताराच्या दोरीने. कोपऱ्यापासून चिकटवत गेलात तर सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात साचते. मध्यापासून, पहिल्या चार टाइल्स रेघांच्या फुलीवर, मग त्यांच्याभोवती. तिथून चूक चारही बाजूंना वाटली जाते आणि कोणाला दिसत नाही. फेव्हिकॉल पातळ लावा, टाइलच्या कडेपासून पाच मिलिमीटर आत, नाहीतर फटीतून वर येतो. वर वर्तमानपत्र, त्यावर फळी, त्यावर तुरीचं अर्धं पोतं. रात्रभर.

दोन तुकड्यांतून अठ्ठेचाळीस टाइल्स निघतात, लागतात छत्तीस. उरलेल्या बारांतल्या चार बाजूला ठेवतो. त्यांच्या मागे पेन्सिलने कर्फ, वेग, पॉवर आणि तारीख लिहितो, कारण पुढच्या वर्षी एखादी टाइल फुटली तर नव्या शीटचा रंग जुन्याशी जुळत नाही. बाकीच्या आठ आत्याने चहाच्या कपांखाली घ्यायला नेल्या. त्यांच्यावर आता कपांचे गोल डाग पडलेत, आणि तेही मध्यावर नाहीत.